कुरतडलेल्या पानाचा ठसा

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारा माणूस मला लाकडाचा साधा ठोकळा समजतो आणि दार अडवायला नाहीतर कागद दाबायला घेऊन जातो. त्यात त्याचा दोष नाही, कारण माझा चेहरा खाली असतो. मला उलटं केलं तरच कळतं की माझ्या अंगावर एक वेल कोरलेली आहे, तिला तीन पानं आहेत आणि मधल्या पानाचा कोपरा किड्याने कुरतडलेला आहे. मी कापडावर छपाई करायचा एक जुना ठसा आहे. आता वय झालं आहे, अंगाला चीर गेली आहे, आणि स्वभाव तर पहिल्यापासूनच तिरसट. तेव्हा मी सांगेन ते गोड लागेलच असं नाही.

माझा जन्म एका मोडक्या जेवणाच्या टेबलातून झाला. टेबलाचे पाय केव्हाच गेले होते, पण वरची फळी जाडजूड आणि कडक होती. सुताराने तिचे दोन सारखे तुकडे केले. त्यातला एक मी आणि दुसरा माझा जोडीदार. एकाच फळीचे म्हणजे आम्ही सख्खे भाऊच. माझ्यावर त्याने फक्त रेघा कोरल्या, म्हणजे वेलीचा दांडा, पानांच्या कडा आणि शिरा. जोडीदारावर त्या रेघांच्या आतला भाग उठवून ठेवला. मी कापडावर काळी रेघ उमटवायची आणि त्याने तिच्या आत हिरवा रंग भरायचा. तो सोबत नसला की मी नुसता सांगाडा काढतो, आणि मी नसलो की तो हिरवे डाग पाडतो. हे तेव्हा आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं, कारण वेगळं राहायची वेळच आली नव्हती.

आम्हाला घडवून घेणाऱ्या दोघी जावा होत्या. थोरली आणि धाकटी. दोघी एकाच घरात राहायच्या, थोरली खाली आणि धाकटी वर. थोरली मोजकं बोलायची, पण तिच्या हातात पेन्सिल आली की कागदाचा कुठलाच तुकडा सुटायचा नाही. औषधांच्या खोक्यांवर, कॅलेंडरच्या मागे, जिथे जागा मिळेल तिथे ती नक्षी काढायची. धाकटीचं सगळं उलटं. तिला बोलायला दगडही चालला असता. पण रंग कालवावा तर तिनेच. कुठल्या हिरव्यात किती पिवळा टाकला की पान ताजं दिसतं, हे ती चमचा ढवळता ढवळता सांगायची.

स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर सांडपाण्याच्या नळापाशी एक वेल उगवली होती. कुणी लावली नव्हती आणि कुणी उपटलीही नव्हती. थोरलीने ती जशी होती तशी काढली, कुरतडलेल्या पानासकट. सुताराने कागद डोळ्यांशी धरला आणि म्हणाला, "बाई, हे पान फाटलंय. नीट करून देऊ का?"

"फाटलेलं नाही, खाल्लेलं आहे," थोरली म्हणाली. "तसंच राहू द्या."

सुताराला ते फारसं पटलं नाही, पण त्याने कोरताना तो कोपरा तसाच ठेवला. पुढे लोक दुकानात येऊन तेच पान मागायला लागले.

सुरुवातीला आमचा सगळा कारभार स्वयंपाकघरातल्या ओट्यावर चालायचा. जेवणं आटोपली की ओटा पुसायचा, वर जुनी घोंगडी अंथरायची, तिच्यावर कापड ताणून टाचायचं आणि कामाला लागायचं. संध्याकाळी घरातले पुरुष यायच्या आत सगळं गुंडाळायचं. "काय, आज किती ठोकलं?" असं धाकटीचा नवरा हसत विचारायचा. थोरलीचा नवरा तेवढंही विचारायचा नाही. तो जेवणाच्या ताटाला रंग लागलाय का एवढंच निरखून बघायचा. पण उशांचे अभ्रे विकले गेले, मग टेबलावरची कापडं, मग पडदे, आणि घोंगडी गुंडाळायला वेळच पुरेनासा झाला. तेव्हा दोघींनी सायकल दुरुस्तीच्या दुकानामागची एक लांबलचक खोली भाड्याने घेतली. या धंद्याला नाव देणं राहूनच गेलं. लोक आपले "त्या दोघींचं कापड" म्हणायचे आणि तेच नाव पडलं.

मित्रांनो, ते दिवस आठवले की अजूनही माझ्या चिरेत काहीतरी हलतं. खोलीभर लांब टेबल होतं. थोरली पुढे चालायची आणि धाकटी तिच्या मागे. थोरली मला रंगात बुडवायची, कापडावर टेकवायची आणि मुठीने एक ठोका द्यायची. तिचं पाऊल पुढे पडलं की मागून धाकटी जोडीदाराला माझ्या रेघेवर अचूक ठेवून दुसरा ठोका द्यायची. दोन ठोके आणि एक पाऊल, अशा त्या टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायच्या. सायकलवाला म्हणायचा की तुमच्या तालावर माझी चाकं सरळ होतात. एरवी सतत बोलणारी धाकटी तेव्हा गप्प असायची, आणि थोरली कधी कधी गुणगुणायची.

एका बाबतीत मात्र दोघींचं जमत नसे. पानाचा कुरतडलेला कोपरा कोरा राहिलाच पाहिजे असा थोरलीचा हट्ट होता. हिरवा रंग केसभर जरी त्या कोपऱ्यात गेला, तरी ती ते कापड उचलून कोपऱ्यातल्या ढिगात टाकायची. त्या ढिगातून टेबल पुसायची फडकी निघायची.

"अहो जाऊबाई, गिऱ्हाईक काय भिंग घेऊन बसतंय का?" धाकटी वैतागून म्हणायची.

"मी बसते ना," थोरली म्हणायची आणि पुढचा ठोका द्यायची.

धाकटी कुरकुरायची, पण फडक्यांच्या ढिगाला कधी हात लावायची नाही. मला वाटतं, तिलाही त्याचा अभिमान होता. नवीन आलेल्या मदतनीस बायकांना ती हे अगदी थोरलीच्या आवाजात सांगायची.

मग एक दिवस एका मासिकातून एक बाई आल्या. स्वतःच्या हिमतीवर उभ्या राहिलेल्या स्त्रियांवर त्या लिहीत होत्या. त्या दिवशी थोरलीची लेक तापाने फणफणली होती, म्हणून थोरली घरी होती. धाकटीने पाहुण्या बाईंना सगळं दाखवलं. टेबल, रंगांचे डबे, वाळत घातलेले पडदे. बाईंनी विचारलं, "ही नक्षी कुणाची?" धाकटी म्हणाली, "आमचीच की." ती 'आमचीच' म्हणाली, हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. मग बाईंनी तिला हातात ठसा घेऊन उभं राहायला सांगितलं. तिने मला उचललं. तिला माझी सवय नव्हती, म्हणून तिने मला उलटं धरलं, वेलीचा शेंडा खाली करून.

मासिक छापून आलं. त्यात अख्ख्या पानभर धाकटीचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं की या नक्षीची कल्पना तिला खिडकीबाहेरची वेल पाहून सुचली. थोरलीबद्दल एकच ओळ होती. घरातल्या एक बाई मदतीला असतात.

धाकटीचा चेहरा वाचतानाच पडला. असं मी म्हणाले नव्हते, मी आजच फोन करून त्यांना सांगते, असं ती म्हणाली. पण त्याच दिवशी ते पान हातात घेऊन दोन गिऱ्हाइकं आली. दुसऱ्या दिवशी आणखी आली. मोठ्या रस्त्यावरच्या दुकानातून निरोप आला. फोन आज करते, उद्या करते असं चाललं. त्यातच तिच्या नवऱ्याने ते पान चौकटीत घालून खोलीच्या भिंतीवर लावलं. जो माणूस कालपर्यंत "किती ठोकलं?" म्हणून हसत होता, तोच आता येणाऱ्या-जाणाऱ्याला ती चौकट दाखवायला लागला. धाकटीने ती काढली नाही. काढायला हात उचलला की लोक काय म्हणतील असं तिला वाटायचं, आणि खरं सांगायचं तर स्वतःचा एवढा मोठा फोटो तिने आजवर पाहिला नव्हता.

थोरली त्या चौकटीखालून रोज जायची. एकदाच तिने विचारलं, "फोन केलास का गं?"

"आज करते, जाऊबाई."

त्यानंतर तिने विचारलं नाही. तिने नवीन नक्षी काढणंही थांबवलं. ठोका मात्र जोरात बसायला लागला. माझ्या अंगाला चीर गेली ती त्याच दिवसांत.

आता धाकटीचीही बाजू ऐका, कारण ती वाईट नव्हती. तिला वाटायचं, राग आला असेल तर बोलून मोकळं व्हावं. गिऱ्हाइकांपुढे हसायचं मी, उन्हातान्हात गाठोडी घेऊन फिरायचं मी, आणि यांनी तोंड फिरवून बसायचं. दोघींचंही थोडं थोडं बरोबर होतं, आणि म्हणूनच कुणी मागे हटेना.

शेवटी एक मोठं गिऱ्हाईक आलं. त्याला पडद्यांसाठी अगदी नवीन नक्षी हवी होती आणि ती समोर बसून काढून हवी होती. त्याने पेन्सिल धाकटीपुढे केली. धाकटीने ती थोरलीकडे सरकवली. थोरलीने पेन्सिलीकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिलं.

"मी फक्त मदतीला असते," ती म्हणाली. "नक्षी ती काढते."

गिऱ्हाईक गेलं. त्या दिवसापासून दोघींनी एकमेकींशी अबोला धरला. मदतनीस बायका मधल्या मधे निरोप देऊन थकल्या. शेवटी दोघींच्या नवऱ्यांनी, त्या दोघा भावांनी, ठरवलं की आता वाटणी केलेली बरी, आणि त्यासाठी आपल्या मामांना बोलावलं.

मामा सज्जन माणूस होते. कुणाच्याही मनात काही राहू नये म्हणून ते दोऱ्याची रिळंसुद्धा समान वाटत. त्यांनी कापड वाटलं, रंगांचे डबे वाटले, घोंगड्या वाटल्या. मग ते आम्हा ठशांच्या फळीपाशी आले. फळीवर आम्ही दोघं आणि थोरलीच्या पुढच्या नक्ष्यांचे ठसे, असे सगळे जोडीजोडीने मांडलेले होतो. आधी रेघेचा ठसा, शेजारी त्याचा भरणीचा, मग पुढचा रेघेचा, शेजारी त्याचा भरणीचा. मामांनी डावीकडून सुरुवात केली. "एक हिला, एक तिला," असं म्हणत ते एक ठसा थोरलीपुढे ठेवू लागले आणि दुसरा धाकटीपुढे.

मित्रांनो, पहिला मीच होतो. मी थोरलीच्या बाजूला गेलो आणि जोडीदार धाकटीच्या. तेवढ्यात दोघींच्याही लक्षात आलं होतं. मी दोघींचे चेहरे पाहत होतो. थोरलीचे ओठ हलले. धाकटीने तिच्याकडे पाहिलं. मामा, ती जोडी आहे, एवढे चार शब्द कुणीतरी बोलायला हवे होते. थोरलीला वाटलं की चूक धाकटीची, तिनेच बोलावं. धाकटीला वाटलं की मोठ्या त्या, त्यांनी बोलावं. दोघीही मूग गिळून बसल्या आणि मामा शेवटपर्यंत वाटत राहिले. सगळे रेघेचे ठसे एकीकडे गेले आणि सगळे भरणीचे दुसरीकडे. मामांनी हात झटकले, कुणावर अन्याय झाला नाही असं म्हणाले आणि चहा घेतला.

त्यानंतर धाकटी गावाच्या दुसऱ्या भागात राहायला गेली. थोरलीने काही दिवस नुसत्या रेघांचं कापड छापून पाहिलं. गिऱ्हाइकं विचारायची, बाई, यात रंग भरायचा राहिला का? हळूहळू गिऱ्हाइकं यायची थांबली, खोली सोडावी लागली आणि आम्ही घरी परतलो. बाकीचे ठसे चुलीत गेले. ते कुणी टाकले हे मी सांगणार नाही, आणि टाकताना ती रडत होती हेही सांगणार नाही. मला तेवढं तिने ठेवलं. चुलीशेजारच्या खिडकीची झडप वाऱ्याने आपटायची, तिला अडवायला तिने मला तिथे ठेवलं. बाहेर नळापाशी वेल होती का ते मला दिसायचं नाही, कारण माझा चेहरा खाली होता. चुलीच्या धगीने मी वर्षानुवर्षं सुकत गेलो, आणि सुकलेलं लाकूड आकसतं.

जोडीदाराची कहाणी त्याने मला पुढे सांगितली. धाकटीने हार मानली नव्हती. तिने दुकान थाटलं आणि नवीन रेघेचे ठसे करून घ्यायला निघाली. जुना सुतार तोवर वारला होता. नवा सुतार हुशार होता. त्याला वाटलं की नमुन्यातलं पान चुकून फाटलंय, म्हणून त्याने ते आपल्या मनाने पूर्ण करून टाकलं. त्याच्या रेघेवर जोडीदार बसेना. शिवाय जुनी गिऱ्हाइकं कापड हातात घेऊन म्हणायची, ते कुरतडलेलं पान कुठे गेलं? धाकटी हसून वेळ मारून न्यायची आणि दुकान बंद झाल्यावर एकटीच बसून राहायची. नवीन नक्षी तिच्याच्याने होईना. काही वर्षांत दुकान उठलं. चौकटीतलं ते पान तिने स्वतःच्या हाताने भिंतीवरून काढलं. जोडीदार माळ्यावर गेला. तिथे भिंतीला कायम ओल असायची. ओलं लाकूड फुगतं.

दरम्यान थोरलीची नजर गेली. आधी सुईत दोरा ओवता येईना, मग रेघ दिसेना, मग समोरचा माणूस आवाजावरून ओळखावा लागायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं की आता यापुढे सुधारणा नाही. थोरलीच्या लेकीने ते कुणाजवळ तरी बोलून दाखवलं आणि बोलणं फिरत फिरत धाकटीच्या कानावर गेलं.

एका दुपारी ती आली. केस पांढरे झाले होते, हातात पिशवी होती. लेकीने "काकू, या," म्हणून तिला आत घेतलं. थोरली खिडकीशी बसली होती.

"मी तो फोन केला नाही, जाऊबाई," धाकटी म्हणाली.

"माहीत आहे."

"आता ते मासिकही बंद पडलं."

"मग आता कुणाला करणार," थोरली म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

धाकटीने पिशवीतून जोडीदाराला बाहेर काढलं आणि थोरलीच्या हातात दिलं. थोरलीने चाचपून त्याला ओळखलं. मग तिने लेकीला सांगून मला खिडकीतून काढायला लावलं. किती वर्षांनी कुणी मला सरळ केलं होतं. थोरलीने आम्हा दोघांना पाठीला पाठ लावून धरलं आणि आमच्या कडांवरून बोटं फिरवली. पूर्वी आमच्या कडा अशा जुळायच्या की मधे नख शिरत नसे. आता तिचं बोट एका जागी अडलं. जोडीदार माझ्यापेक्षा बाहेर आला होता. ती बोटं तिथे जरा वेळ थांबली.

"रंग आणलाय?" तिने विचारलं.

धाकटीने आणला होता. लेकीने जेवणाच्या टेबलावर एक चादर घडी करून घातली आणि तिच्यावर उशीचा एक कोरा अभ्रा ताणून धरला. थोरलीने चाचपत मला कापडावर टेकवलं आणि मूठ मारली. ठोका हलका पडला, म्हणून तिने परत मारली. रेघ उमटली. ती सवयीने एक पाऊल पुढे सरकली. मागून धाकटीने जोडीदाराला हिरव्यात बुडवलं, माझ्या रेघेवर धरलं, इकडे सरकवून पाहिलं, तिकडे सरकवून पाहिलं. तो कुठेच बसत नव्हता. तिने डोळे मिटून ठोका दिला.

तिने जोडीदाराला उचललं आणि आम्ही सगळ्यांनी पाहिलं. हिरवा रंग रेघेबाहेर ओघळला होता, आणि कुरतडलेला कोपरा पूर्ण भरून गेला होता. लेकीने तोंड उघडलं. धाकटीने तिच्याकडे पाहून मान हलवली, नको.

"कोपरा कोरा राहिला का गं?" थोरलीने विचारलं.

"राहिला, जाऊबाई."

"अगदी?"

"अगदी. केसभरसुद्धा गेला नाही."

थोरलीने मान डोलावली. तिच्या बोटांनी तिला खरं काय ते आधीच सांगितलं होतं, हे त्या खोलीत मला एकट्याला ठाऊक होतं.

"मग तो फडक्यांत टाकू नकोस," ती म्हणाली.

तो अभ्रा शेवटपर्यंत थोरलीच्या उशीवर होता. आता उशीही नाही. लेकीने आम्हा दोघांना एका फळीवर शेजारी शेजारी ठेवलं आहे. पाहुणे येतात, आम्हाला हातात घेतात आणि विचारतात, नक्षी कुणाची? लेक सांगते, माझ्या आईची, आणि रंग काकूचा. धाकटी कधी आलेली असली तर ती पाहुण्याला ते पुन्हा सांगते, त्याने विचारलं नसलं तरी सांगते. ऐकायला जी हवी होती ती मात्र नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखा एखादा जुना ठसा असेल तर काम झाल्यावर त्याचा रंग धुऊन टाका, वर्षातून एकदा त्याला तेलाचा हात लावा, आणि त्याला त्याच्या जोडीदारासोबत एकाच कपाटात ठेवा, म्हणजे दोघांना एकच हवा लागेल. सुकलेलं आणि फुगलेलं लाकूड पुन्हा जुळत नाही, मी जोडीदाराला रोज चिकटून पाहतो. आणि कुणी तुम्हाला विचारलं, हे काम कुणाचं, तर उत्तर द्यायला उद्याची वाट पाहू नका. जिचं आहे तिचं नाव घ्या, आणि ती ऐकत असतानाच घ्या.